मिनिटाला साठ श्वास

मागच्या मंगळवारी रात्री पावणेबाराला फोन वाजला. पत्रकाराला रात्रीचा फोन म्हणजे अपघात, नाहीतर आग. पण फोन एका ओळखीच्या पोराचा होता. नाव लिहीत नाही. बसस्टँडजवळ त्याचं मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे. चार दिवसांपूर्वी त्याला मुलगा झाला.

"भाऊ, बाळ पेटीत ठेवलंय. श्वास लई जोरात घेतंय. डॉक्टर म्हणते कारण आत्ताच सांगता येणार नाही. असं कसं सांगता येत नाही हो? लपवून राहिले का काही?"

मी त्याला म्हटलं, लपवत नसतील. त्याला ते पटलं नाही, आणि पटणारही नव्हतं. कारण चौदा वर्षांपूर्वी अशाच एका काचेबाहेर उभं राहून मी हाच प्रश्न विचारला होता, आणि तोही याच्यापेक्षा वाईट आवाजात.

माझी मुलगी सिझरने झाली, सदतिसाव्या आठवड्यात. रडली बिडली व्यवस्थित. दोन तासांनी माझ्या आईच्या लक्षात आलं, की पोरगी पळत आल्यासारखी धापा टाकतेय. नाकपुड्या फुलत होत्या. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत होता आणि पोट वर येत होतं. आई हळूच म्हणाली, "डबा झाला वाटते." दवाखान्यातून जिल्ह्याला पाठवलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या छातीकडे बघत बसलो होतो. रात्री काचेतून मनगटावरच्या घड्याळात तिचे श्वास मोजले. ८४. मग ९०. मग मोजणं चुकायला लागलं. ड्युटीवरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "फुफ्फुसात पाणी राहिलं असेल, जंतुसंसर्ग असेल, दुसरंही काही असेल. चोवीस तास बघू द्या." मी त्यांना नको ते बोललो. तिसऱ्या दिवशी श्वास ५२ वर आला, पाचव्या दिवशी घरी. डिस्चार्ज कार्डावर तीन अक्षरं होती : टीटीएन.

मुलगी आता नववीत आहे आणि घरात सगळ्यात मोठ्या आवाजात तीच बोलते. त्या तीन अक्षरांच्या मागे लागायला मात्र मला बरीच वर्षं लागली. मंगळवारच्या फोननंतर त्या पोराला फोनवर जे सांगता आलं नाही, ते इथे लिहितो. थोडं लांबेल.

सुरुवात आपल्याच घरातून करू. 'डबा' हा शब्द आपल्या आज्यांचा. बाळाचा श्वास वाढतो, छाती आत जाते, पोट वर येतं, की डबा झाला. आपल्या इकडे 'लहाक लागली' असंही म्हणतात. या शब्दांना हसू नका. त्या बायांची नजर पक्की होती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची छाती आत ओढली जाणं हे आजही डॉक्टरांच्या पुस्तकात धोक्याचं लक्षण आहे. चूक पुढे व्हायची. पोट वर येताना दिसतं, म्हणजे रोग पोटात आहे असं समजलं गेलं. मग तापवलेल्या विळ्याने किंवा सळईने पोटावर चटके. मेळघाटात त्याला डंबा म्हणतात, आणि बाळाच्या पोटावर डंबा दिल्याच्या बातम्या अजूनही येतात. लक्षण बरोबर ओळखलं, कारण चुकीचं लावलं, आणि चुकीच्या कारणावर इलाज करून बाळ भाजलं. कारण सांगण्याची घाई माणसाला काय करायला लावते, याचं यापेक्षा वाईट उदाहरण मला माहीत नाही.

आता ही काही फक्त आपलीच गोष्ट नाही. ज्यांना आपण पुढारलेले म्हणतो, त्यांच्याकडेही दीडशे वर्षांपूर्वी फार वेगळी परिस्थिती नव्हती.

पेटी घ्या. आपण सगळे 'बाळ पेटीत ठेवलं' म्हणतो, ती पेटी पॅरिसची. तारनिए नावाच्या प्रसूतीतज्ज्ञाने तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि तसंच काहीतरी बाळांसाठी करून घेतलं. १८८० च्या सुमाराला ती पेटी पॅरिसच्या प्रसूतिगृहात वापरात आली. पुढे अमेरिकेत मार्टिन कुनी नावाचा एक गृहस्थ न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चक्क जत्रेत पेट्या मांडून, तिकीट लावून कमी दिवसांची बाळं लोकांना दाखवायचा. १९०३ पासून १९४३ पर्यंत, चाळीस वर्षं! ऐकायला विचित्र वाटतं, पण तिकिटाच्या पैशातून बाळांची नर्स, दूध, ऊब सगळं चालायचं आणि आईबापांकडून तो एक पैसा घेत नसे. तेव्हा बहुतेक दवाखान्यांत या बाळांसाठी तेवढंही नव्हतं.

पेटीने ऊब दिली. श्वासाचं काय? तर पेटीत ऑक्सिजन सोडायला लागले. १९४०च्या दशकात मोठ्या दवाखान्यांत भरपूर ऑक्सिजन मिळायला लागला आणि डॉक्टरांनी तो सढळ हाताने दिला. बाळं गुलाबी व्हायची, आईबाप खूश. आणि मग काही महिन्यांनी लक्षात यायचं, की बाळाला दिसत नाही. जगभरात हजारो मुलं आंधळी झाली. अति ऑक्सिजनमुळे डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या बिघडतात, हे सिद्ध व्हायला १९५४ साल उजाडलं. मग ऑक्सिजन एकदम कमी केला, तर श्वासाअभावी मृत्यू वाढले. आगीतून फुफाट्यात. आज वॉर्डबाहेरचे नातेवाईक "ऑक्सिजन अजून वाढवा ना" म्हणून सिस्टरशी भांडतात, तेव्हा मला हे आठवतं. (भांडणाऱ्यांत मीही होतो.)

याच काळात न्यूयॉर्कमध्ये व्हर्जिनिया अपगार नावाच्या भूलतज्ज्ञ होत्या. त्यांना सर्जन व्हायचं होतं. बाईमाणसाला सर्जरीत भवितव्य नाही, असं वरिष्ठांनी सांगितलं म्हणून त्या भुलेकडे वळल्या. बाळंतपणात भूल देताना त्यांनी पाहिलं, की सगळ्यांचं लक्ष आईकडे असतं. बाळ निळं पडलेलं, गलितगात्र असलं, तर ते जगण्यातलं नाही असं समजून सोडूनही दिलं जायचं. त्यांनी १९५३ मध्ये एक साधी पद्धत छापली. जन्मल्यावर एका मिनिटाने पाच गोष्टी बघायच्या : हृदयाचे ठोके, श्वास, अंगातली ताकद, चेतवल्यावर बाळ प्रतिसाद देतं का, आणि रंग. प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज दहापैकी. बस एवढंच. पण गुण द्यायचे म्हणजे बाळाकडे बघावं लागतं, आणि गुण कमी आले तर काहीतरी करावं लागतं. तुमच्या मुलांच्या फाईलमध्ये 'अपगार ८/१०' असं काहीतरी लिहिलेलं सापडेल. ते या बाईंचं नाव.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कमी दिवसांची बाळं जन्मतात, तासाभरात कण्हायला लागतात, छाती आत जाते, निळी पडतात आणि दोन-तीन दिवसांत जातात. शवविच्छेदनात फुफ्फुसाच्या आत काचेसारखा एक पातळ थर दिसायचा. त्यावरून डॉक्टरांनी रोगाला नाव दिलं 'हायलाईन मेम्ब्रेन', म्हणजे काचेसारखा पापुद्रा. सगळे म्हणत, हा पापुद्राच रोग आहे. तो कुठून येतो, यावर वाद.

उत्तर आलं ते भलत्याच दिशेने. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंड आणि अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळांत विषारी वायूंचा फुफ्फुसावर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू होता. इंग्लंडमध्ये पॅटल नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं, की फुफ्फुसातून निघालेल्या फेसाचे बुडबुडे फुटतच नाहीत, तासन्‌तास टिकतात. हे त्याने १९५५ मध्ये छापलं. अमेरिकेत लष्कराच्याच प्रयोगशाळेत जॉन क्लेमेंट्स यांनी मोजून दाखवलं, की फुफ्फुसात साबणासारखा एक पदार्थ असतो. माणसं मारायच्या वायूंच्या मागे लागलेल्या खोल्यांतून बाळं जगवायचा धागा निघाला. इतिहास असाही चालतो.

साबणासारखा म्हणजे काय? काचेच्या दोन ओल्या पट्ट्या एकमेकींवर ठेवा, सुटता सुटत नाहीत. पाण्याची ती ओढ असते. आपल्या फुफ्फुसात कोट्यवधी इवले फुगे आहेत आणि ते आतून ओले आहेत. श्वास सोडला की ते मिटून चिकटून जायला हवेत. पण हा साबण त्यांना चिकटू देत नाही. बाळाच्या फुफ्फुसात तो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत पुरेसा तयार होतो. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यात जड जाते, हे आपल्याला वाढदिवसांमुळे माहीत आहे. साबण नसलेल्या बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या फुंकरीसारखा घ्यावा लागतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. ते बाळ रोगाने जितकं जातं, तितकंच थकून जातं.

हे दोन तुकडे जोडणाऱ्या डॉक्टर मेरी एलन ॲव्हरी. डॉक्टर झाल्या झाल्या त्यांना क्षयरोग झाला, त्यातून बऱ्या झाल्या, आणि फुफ्फुस हाच त्यांच्या आयुष्याचा विषय झाला. बॉस्टनमध्ये शिकत असताना त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दुसऱ्या कारणाने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसात फेस असतो. या 'पापुद्रा' रोगाने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसात फेस नसतो. बाकी सगळे जास्तीचा पापुद्रा बघत होते, यांनी नसलेला फेस बघितला. त्या क्लेमेंट्सना जाऊन भेटल्या, त्यांचं मोजायचं यंत्र समजून घेतलं, आणि १९५९ मध्ये जेरे मीड यांच्यासोबत निबंध छापला : या बाळांकडे तो पदार्थ पुरेसा नसतो. पापुद्रा हा रोग नव्हे, रोगाची खूण आहे.

कारण सापडलं. आता बाळं वाचली असतील, असं आपल्याला वाटतं ना?

७ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मुलगा झाला. साडेपाच आठवडे आधी, तातडीच्या सिझरने, लष्करी तळावरच्या दवाखान्यात. वजन सुमारे दोन किलो शंभर ग्रॅम. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वॉर्डात आज भरती असलेल्या कित्येक बाळांपेक्षा जास्त! नाव ठेवलं पॅट्रिक. जन्मल्याबरोबर श्वासाला त्रास. बाळाला बॉस्टनला हलवलं, त्याच शहरात, जिथे चार वर्षांपूर्वी या रोगाचं कारण कागदावर आलं होतं. बाप जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. हाताशी विमानं, पैसा, देशातले उत्तम डॉक्टर. जास्त दाबाचा ऑक्सिजन देण्यासाठी बाळाला एका मोठ्या बंद टाकीत ठेवलं. बाप दवाखान्यातच थांबला. ९ ऑगस्टला पहाटे बाळ गेलं. ३९ तास जगलं.

कारण माहीत होतं. बाळ वाचलं नाही.

त्या पोराला मला हेच सांगायचं होतं, पण रात्री बारा वाजता काचेबाहेर उभ्या असलेल्या बापाला केनेडीची गोष्ट कशी सांगणार? आणि गोष्ट इथे संपतही नाही. तिचा दुसरा भाग उलटा आहे.

केनेडींच्या बाळाच्या बातमीने जगाचं लक्ष या रोगाकडे गेलं, संशोधनाला जोर आला. पण पहिली मोठी वाट सापडली ती बाळाच्या कण्हण्यात. ज्यांची बाळं आजारी होती त्यांना तो आवाज माहीत आहे. प्रत्येक श्वास सोडताना 'अंऽ, अंऽ'. आईच्या काळजाचं पाणी होतं त्याने. आफ्रिकेतल्या केपटाउनच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं, की बाळ उगीच कण्हत नाही. घसा अर्धवट मिटून ते हवा आतच अडवून धरतं, फुगे मिटू नयेत म्हणून. घशात नळी घातली आणि कण्हणं बंद झालं, तर बाळाची तब्येत उलट बिघडायची. दोन दिवसांच्या जिवाला कोणी न शिकवता हे येतं.

मग सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी विचार केला, बाळ जे थकेपर्यंत स्वतः करतंय ते आपण त्याच्यासाठी करू. हवेचा सततचा हलका दाब द्यायचा, फुगे उघडे ठेवायचे, बाकी श्वास बाळ घेईल. १९७१ मध्ये त्यांनी २० बाळांची हकीकत छापली. १६ वाचली होती. आणि गंमत बघा, त्या निबंधाच्या शीर्षकात रोगाचं जे नाव आहे त्यात 'इडिओपॅथिक' असा शब्द आहे. डॉक्टरी भाषेत त्याचा अर्थ, कारण अज्ञात! वर अज्ञात लिहून खाली सोळा बाळं जगवली.

पुढे न्यूयॉर्कच्या जेन-टिएन वुंग यांनी हे आणखी सोपं केलं. नळीचं एक टोक बाळाच्या नाकाशी, दुसरं पाण्याच्या बाटलीत काही सेंटीमीटर बुडवलेलं. जितकं खोल, तितका दाब. माझ्या मुलीच्या उशाशी ती बाटली होती. रात्रभर गुडगुड गुडगुड. आवाज थांबला की मी काचेला नाक लावायचो.

मधल्या दोन गोष्टी पटकन सांगतो. न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवर प्रयोग करताना लिगिन्स यांना दिसलं, की जन्माआधी स्टेरॉइड मिळालेली कमी दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त जगतात. त्यांनी आणि हॉवी यांनी २८२ मातांवर चाचणी करून १९७२ मध्ये छापलं, की कळा लवकर सुरू झालेल्या आईला हे इंजेक्शन दिलं तर बाळाचं फुफ्फुस लवकर तयार होतं. स्वस्तातली स्वस्त सुई. जगाने ती सर्रास वापरायला सुरुवात करेपर्यंत वीसेक वर्षं गेली. आणि १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुफ्फुसातून तो साबण काढून दहा बाळांच्या फुफ्फुसात सोडला. तेच औषध सुधारून आज आपल्या मोठ्या दवाखान्यांत देतात, महाग पडतं, पण मिळतं.

आणि टीटीएन? तेही ॲव्हरीबाईंचंच. १९६६ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर लिहिलं, की काही बाळांचा श्वास जन्मल्यावर वाढतो आणि दोन-चार दिवसांत आपोआप बसतो. पोटात असताना फुफ्फुस पाण्याने भरलेलं असतं. कळांच्या वेळी ते शोषलं जायला लागतं. काहींचं रेंगाळतं, कळांशिवाय सिझर झालेल्यांत जास्त. त्या निबंधाच्या शीर्षकातसुद्धा त्यांनी ही 'शक्यता' म्हणूनच मांडली आहे. पहिल्या काही तासांत हे बाळ, जंतुसंसर्गाचं बाळ आणि साबण कमी असलेलं बाळ जवळपास सारखीच दिसतात. एक्स-रे, रक्ताची तपासणी यांनी अंदाज येतो. पण टीटीएनच होतं, हे खात्रीने सांगता येतं ते बाळ बरं झाल्यावर. माझ्या मुलीच्या वेळी त्या मॅडम "बघू द्या" म्हणाल्या, त्याचा अर्थ मला दहा वर्षांनी कळला. तोवर माफी मागायची वेळ निघून गेली होती, त्यांची बदली झाली होती.

आता म्हणाल, बॉस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोचं आपल्याला काय? बरोबर आहे. ज्या गावात दवाखानाच नाही, तिथे बाटली आणि नळी कुठून आणणार?

त्याचं उत्तर आपल्या विदर्भात सापडलं.

आधी पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, गोरोका नावाच्या गावी, फ्रँक शॅन या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात एक गोष्ट पक्की केली होती. खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे का, हे एक्स-रे आणि नळी नसताना श्वास मोजून बऱ्यापैकी ओळखता येतं. मग जागतिक आरोग्य संघटनेने आकडे ठरवले. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ किंवा जास्त म्हणजे धोका.

गडचिरोली जिल्हा १९८२ चा. काही वर्षांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले, 'सर्च' ही संस्था उभी राहिली. गावोगाव मुलं न्यूमोनियाने जात होती. त्यांनी गावातल्याच माणसांना, दायांना, श्वास मोजायला शिकवायचं ठरवलं. पण अनेक दायांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं, आणि घड्याळ तर नव्हतंच. म्हणून एक साधन केलं. पाटीवर मणी, आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षरओळख नसलेली बाई हे निदान करू लागली. गोळ्या-औषध गावातच. १९९० मध्ये 'लॅन्सेट'ने ते निष्कर्ष छापले. न्यूमोनियाचे मृत्यू घटले होते.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा. ३९ गावांत, पाचवी-दहावी शिकलेल्या गावच्याच बायांना शिकवलं. त्यांना 'आरोग्यदूत' म्हणतात. जन्माच्या वेळी घरी हजर राहायचं, न रडणाऱ्या बाळाला मास्कने श्वास द्यायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, जंतुसंसर्गाची लक्षणं जुळली तर औषध आणि इंजेक्शन द्यायचं. इंजेक्शन आणि गावातली बाई? यावर बऱ्याच भुवया उंचावल्या. डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले. तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

त्या बाईला कारण माहीत होतं का? त्या क्षणी, त्या झोपडीत, त्या बाळाच्या फुफ्फुसात नेमका कोणता जंतू आहे, पाणी आहे की आणखी काही? नव्हतं. तिला साठचा आकडा माहीत होता आणि पुढे काय करायचं ते माहीत होतं.

बॉस्टनमध्ये कारण होतं आणि बाळ गेलं. गडचिरोलीत कारणाचा पत्ता नव्हता आणि बाळं राहिली. मी त्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी हे सांगितलं, केनेडीचं नाव न घेता. म्हटलं, कारण नंतर येईल. आत्ता विचारायचं ते एवढंच, श्वास किती आहे, ऑक्सिजनचा आकडा किती आहे, काल किती होता, दूध नळीने देताहेत का, आणि अँटिबायोटिक सुरू आहे का. या प्रश्नांची उत्तरं मिळाली पाहिजेत. ती द्यायला कोणी टाळाटाळ केली तर मला सांग.

आता आमच्या धंद्याबद्दलही लिहितो, नाहीतर अर्धवट राहील. 'कारण माहीत नाही' हे दोन ठिकाणी लिहिलं जातं. एक वॉर्डातल्या केसपेपरवर, जिथे चार तासांनी परत कोणीतरी बाळाकडे बघणार असतं. आणि दुसरं मृत्यूच्या नोंदीत, जिथे कोणी परत बघत नाही. मी नवा होतो तेव्हा जिल्हा परिषदेच्या बैठकीतून बालमृत्यूंचा तक्ता घेऊन यायचो आणि 'इतर / अज्ञात' हा रकाना तसाच्या तसा छापायचो. दोन कॉलम, खाली माझं नाव. कधी विचारलं नाही, की अज्ञात म्हणजे बाळ कोणी पाहिलं होतं की नाही. आणि जे रकान्यातही आले नाहीत, ते? २००१ मध्ये बंग आणि सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. सरकारी नोंदीपेक्षा किती तरी जास्त बालमृत्यू महाराष्ट्रात होतात हे त्यात होतं, आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. तो वाचल्यावर मला माझ्या जुन्या बातम्यांची कात्रणं काढून बघायची हिंमत झाली नाही.

२०११ पासून गडचिरोलीचीच ही पद्धत थोड्या फरकाने देशभर आशाताईंकडे आली. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ताईने घरी यायचं, वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा. या सहा भेटींचा ठरलेला मोबदला होता अडीचशे रुपये. सगळे मिळून! २०२४ च्या सुरुवातीला याच ताया मुंबईत आझाद मैदानावर दिवसचे दिवस मोबदल्यासाठी बसल्या होत्या, तेव्हा आपल्यातल्या काहींनी 'यांना काम काय असतं' असं विचारलं होतं. काम हे असतं.

आणि जिल्ह्याजिल्ह्यात नवजात अतिदक्षता कक्ष झाले. चांगलं झालं. माझी मुलगी अशाच कक्षातून घरी आली, खाजगीचं बिल मला झेपलं नसतं. पण ९ जानेवारी २०२१ ची पहाट आपण विसरलो तर नाही ना? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात त्या कक्षाला आग लागली. १७ बाळं होती, १० गेली. श्वासासाठी जिथे ठेवली तिथेच गेली. तेव्हा सगळीकडे फायर ऑडिटची घोषणा झाली. आपल्याकडच्या कक्षाचं ऑडिट शेवटचं कधी झालं, याचा अर्ज मी माहिती अधिकारात टाकलाय. उत्तर आलं की इथेच लिहीन.

घरी बाळ असेल त्यांच्यासाठी, कारण अनेकांनी विचारलंय. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना, अंगावरचं कापड वर करून, पोटाचं वरखाली होणं पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळ मध्येच पाच-सात सेकंद थांबतं आणि मग भराभर घेतं, ते बहुधा ठीक असतं. साठच्या वर आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा साठच्या वर आले, किंवा छाती आत जात असेल, कण्हत असेल, ओठ-जीभ निळसर वाटत असेल, दूध ओढायचं थांबलं असेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, श्वास जास्त वेळ थांबत असेल, तर १०८ ला फोन करा आणि निघा. रात्रीचे दोन असले तरी. पोटावर चटका, बिब्बा, धुरी, काहीही नको. आजी रागावल्या तर त्यांना सांगा, की तुम्ही ओळखलं ते बरोबरच आहे, म्हणूनच दवाखान्यात नेतोय. माझ्या आईला हे पटलं होतं.

त्या पोराचा फोन रोज येतो. परवा ६८ म्हणाला, काल ५८. डॉक्टरांनी अजून कारण सांगितलेलं नाही, तपासणीचा एक रिपोर्ट नागपूरहून यायचा आहे. आज दुपारी त्याने फक्त आकडा पाठवला. ५१. खाली लिहिलं होतं, आईने आज कटोरीतलं दूध पाजलं.